दर्शनी अंगणातील फुलांचा वाफा : निरीक्षणाची पहिली शेतीशाळा

मुंबई–हावडा लोहमार्गावर नागपूर, गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकल्यावर भिलाई लागते. १९५५ साली झालेल्या भारत–सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्या कामगारांसाठी सेक्टरवार वसाहत वसली. या वसाहतीतील अनेक घरांपुढे लहानशी मोकळी जागा आहे. विदर्भातून नोकरीनिमित्त या पट्ट्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही असे अंगण परिचयाचे आहे. शहरातील मैत्रीबागेत हिवाळ्यात भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून आल्यावर आपल्याही दारापुढे झेंडू, शेवंती, ॲस्टर फुलावेत, अशी इच्छा होणे स्वाभाविकच आहे. मग रोपे आणली जातात, वाफा तयार होतो आणि पाच-सहा आठवड्यांनी कोवळ्या शेंड्यांवर पहिला मावा दिसतो. त्याच दिवशी कृषी सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या विस्तार कार्यकर्त्याकडे एकच प्रश्न पोहोचतो : "यावर काय मारू?"

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आणि त्याचे उत्तर हा आहे. दर्शनी वाफ्याची आखणी, माती, रोपांची निवड व काळजी यांची माहिती येथे दिली असली, तरी मुख्य मुद्दा वेगळा आहे. फुलांच्या लहानशा वाफ्यात कीड व मित्रकीटक यांचे नाते डोळ्यांनी पाहता येते. तेथे चूक झाली तरी पोटापाण्याचे नुकसान होत नाही. म्हणून नवशिक्या बागप्रेमींसाठी, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांसाठीही, हा वाफा निरीक्षणाची पहिली शाळा ठरू शकतो. भिलाईचे हवामान गोंदिया व भंडारा जिल्ह्यांशी बरेचसे मिळतेजुळते असल्याने पुढील माहिती पूर्व विदर्भातही वापरता येईल.

हवामान आणि माती

या भागात जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत मोसमी पाऊस पडतो. वार्षिक सरासरी सुमारे १२०० मि.मी. आहे. मे महिन्यात कमाल तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० ते १२ अंशांपर्यंत उतरतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ हंगामी फुलझाडांसाठी सर्वांत अनुकूल असल्याने नवशिक्याने पहिला वाफा याच हंगामात करावा. पावसाळ्यात पाणी साचणे आणि उन्हाळ्यात रोपे करपणे, या दोन्ही अडचणी पहिल्याच प्रयत्नात निराश करणाऱ्या असतात.

छत्तीसगडमधील शेतकरी मातीचे चार प्रकार मानतात. भाठा ही मुरमाड, उथळ व पाणी न धरणारी जमीन. मटासी ही पिवळसर, हलकी ते मध्यम. डोरसा ही मध्यम ते भारी. आणि कन्हार ही काळी, चिकण, भेगा पडणारी जमीन होय. घरापुढील माती मात्र यांपैकी कोणत्याही एका प्रकारची नसते. तेथे बहुधा भराव असतो व त्यात विटांचे तुकडे, चुना आणि वाळू मिसळलेली असते. म्हणून प्रथम ३० सें.मी. खोल खणून खडे व राडारोडा वेगळा करावा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी तासाभरात जिरले तर निचरा ठीक आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर वाफा जमिनीपासून १५ ते २० सें.मी. उंच करावा.

दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. 'पूर्ण कुजलेले' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या व अंडी वाफ्यात येतात आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते. छत्तीसगडच्या खेड्यांत खताच्या खड्ड्याला 'घुरवा' म्हणतात. घुरव्यातील तळाचे, काळसर, भुसभुशीत व वास नसलेले खत घ्यावे. वरच्या थरातील घेऊ नये. खत पसरताना इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसल्यास ती वेचून काढावी. लागवडीच्या वेळी दर चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळणे उपयुक्त ठरते.

ज्यांना मे महिन्यातच तयारी करता येईल, त्यांनी येथील कडक उन्हाचा लाभ घ्यावा. वाफा ओलावून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे अंथरावा व कडा मातीने बंद कराव्यात. आतील तापमान वाढून वरच्या थरातील सूत्रकृमी, रोपमर घडवणाऱ्या बुरशी आणि तणांचे बी यांचा बराच नाश होतो. काळा कागद यासाठी तितका उपयोगी नाही, कारण तो ऊन स्वतः शोषून घेतो व मातीपर्यंत कमी उष्णता पोहोचते.

वाफ्याची आखणी

उदाहरणादाखल ५ मीटर लांब व १.२ मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटरचा वाफा घेऊ. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा, एवढीच रुंदी असावी. मागे भिंत असेल तर भिंत व वाफा यांमध्ये फूटभर वाट सोडावी. रोपांची खालची पाने उलटून पाहता आली नाहीत, तर पुढे सांगितलेले निरीक्षण शक्य होणार नाही. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

सर्वांत मागे आफ्रिकन झेंडूची एक ओळ ४० सें.मी. अंतरावर लावावी. त्यासाठी १२ रोपे पुरतात. मधल्या ओळीत ॲस्टर किंवा झिनिया ३० सें.मी. अंतरावर लावावेत, १६ रोपे लागतील. पुढच्या कडेला ॲलिसम किंवा बुटका फ्रेंच झेंडू २० सें.मी. अंतरावर लावावा. शेवंतीची दोन-तीन रोपे मधल्या ओळीतच सामावून घ्यावीत. दोन्ही टोकांना मात्र शोभेचे झाड न लावता शेपू, कोथिंबीर किंवा बडीशेप यांचे मूठभर बी टाकावे व ती झाडे फुलावर येऊ द्यावीत. या शेवटच्या सूचनेचे कारण पुढे येईल.

रोपे सायंकाळी लावावीत व लगेच हलके पाणी द्यावे. पुढे पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. रात्रभर पाने ओली राहिल्यास बुरशीजन्य करपा वाढतो. झेंडूचा शेंडा लागवडीनंतर ३० ते ४० दिवसांनी खुडल्यास झाड पसरते व फुले अधिक येतात. वाळलेली फुले वेळोवेळी काढावीत. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार व लुसलुशीत दिसते, परंतु त्याच कोवळ्या, रसाळ शेंड्यांवर मावा वेगाने वाढतो. बागेतील कित्येक किडींचे निमंत्रण खताच्या पिशवीतूनच गेलेले असते.

डिसेंबरमधील निर्णायक पंधरवडा

रोपे स्थिरावतात, कळ्या धरतात आणि एखाद्या ढगाळ आठवड्यानंतर शेवंतीच्या शेंड्यांवर काळसर तपकिरी मावा गर्दी करतो. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात आणि अनुकूल हवामानात पिले साधारण आठवड्या-दहा दिवसांत स्वतः प्रजननक्षम होतात. त्यामुळे शेंडा एकाएकी भरून गेल्यासारखा वाटतो. पाने चिकट होतात आणि मुंग्यांची रांग लागते. नवशिका घाबरतो तो याच वेळी.

नेमक्या याच वेळी वाफ्यात आणखी काही पाहुणे आलेले असतात, आणि ते किडीपेक्षाही भीतिदायक दिसतात. माव्याच्या वसाहतीत काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारख्या आकाराची खरबरीत अळी चपळाईने फिरताना दिसते. बहुतेक नवशिके तिला 'मोठी कीड' समजून प्रथम तिलाच चिरडतात. प्रत्यक्षात ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी असते व मावा हेच तिचे अन्न असते. गोल, चकचकीत, ठिपकेदार भुंगेरा सर्वांना मित्र म्हणून ठाऊक आहे. त्याचे बालपण मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मित्र ओळखला जातो आणि त्याची संतती मारली जाते, ही घराघरांतील बागांमध्ये वारंवार घडणारी चूक आहे.

दुसरा पाहुणा म्हणजे पाय नसलेली, हिरवट किंवा फिकट, पुढे निमुळती होणारी अळी. ती सिरफिड माशीची असते. एक अळी आपल्या आयुष्यात काहीशे मावा खाऊ शकते. तिची प्रौढ माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे गांधीलमाशीसारखी भासते, पण तिला नांगी नसते. ती हवेत एका जागी स्थिर राहून फुलावर उतरते. तिसरी खूण म्हणजे पानाच्या मागे बारीक केसासारख्या देठावर टांगलेली अंडी. ही क्रायसोपाची असतात. चौथी खूण सर्वांत सहज नजरेतून सुटते : माव्याच्या वसाहतीत काही मावा फुगून तपकिरी-सोनेरी झालेला, निश्चल व कागदासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवर गोल छिद्र असते. अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशीने त्यात अंडे घातले होते आणि तिची पुढची पिढी त्या छिद्रातून बाहेर पडली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मित्रकीटक किडीच्या मागोमाग येतात, आधी नव्हे. कारण किडीशिवाय त्यांना अन्न नसते. ही आठ-दहा दिवसांची तफावत हाच नवशिक्याच्या धीराचा कसोटीकाळ असतो. या काळात सर्वनाशी कीटकनाशक फवारले तर मावा आणि त्याचे शत्रू दोघेही मरतात. परंतु पानाखाली वाचलेला थोडासा मावा काही दिवसांत पुन्हा वाढतो, तर ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास तीन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. दुसऱ्या वेळी मावा आला, तेव्हा त्याला आवरणारे कोणी उरलेले नसते. मग दुसरी फवारणी, नंतर तिसरी, असा क्रम सुरू होतो.

हाच क्रम एका देशाच्या भातशेतीतही घडून गेला आहे. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक कीटकनाशकांच्या अतिवापरामुळे वाढत गेला. तुडतुड्यांना खाणारे कोळी व ढेकूण मारले गेल्याने कीड मोकाट झाली, हे संशोधनातून स्पष्ट झाल्यावर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. त्यानंतर १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावर बसवून निरीक्षण शिकवणारी शेतीशाळेची पद्धत तेथे सुरू झाली व पुढे ती जगभर पसरली. महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्ते आज ज्या शेतीशाळा घेतात, त्यांचे मूळ तेथे आहे. छत्तीसगडसारख्या भाताच्या प्रदेशात आणि पूर्व विदर्भात हा इतिहास विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नुकसान दिसते, पण शत्रू नसतो

पान कुरतडलेले दिसले म्हणजे उपाय करायलाच हवा, असे नाही. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल दिसतात. ते काम एकटी राहणाऱ्या, पाने कापणाऱ्या मधमाशीचे असते. ती पानांचे तुकडे आपल्या घरट्यातील कप्प्यांच्या अस्तरासाठी नेते. ते खात नाही. या माश्या उत्तम परागीभवन करतात. कडा फाटल्यासारख्या, वेड्यावाकड्या खाल्लेल्या असतील, तर तो रात्री येणाऱ्या भुंगेऱ्याचा किंवा नाकतोड्याचा उद्योग असू शकतो. एका पानाची कड नीट पाहिली, तरी निम्मे निदान होते.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी लिंबूवर्गीय फुलपाखराची असते. नुकत्याच लावलेल्या लहान रोपावर ती असेल तर वेचून मोठ्या झाडावर सोडावी. मोठे झाड तिला सहज पोसू शकते. कुंपणाच्या कण्हेरीवर किंवा पडीक जागेतील रुईवर भडक पिवळा मावा आढळतो. तो या कुळातील झाडांवरच जगतो. झेंडू, टोमॅटो किंवा वांग्यावर जात नाही. उलट त्यावर ढालकिडे व सिरफिड माश्या वाढतात आणि तेथून वाफ्यात येतात. म्हणजे कण्हेरीवरचा हा मावा मित्रकीटकांची रोपवाटिकाच असतो. त्यावर फवारणी करणे हा स्वतःच्याच सैन्याचा रसद पुरवठा तोडण्यासारखा प्रकार आहे.

याला अपवादही आहेत आणि ते माहीत असणे तितकेच आवश्यक आहे. ढालकिड्यांच्याच कुळातील अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा वनस्पती खाणारा आहे. तो चकचकीत नसून निस्तेज व बारीक लव असलेला असतो. त्याची अळी पिवळट असून अंगावर फांद्याफांद्यांचे काटे असतात. वांग्याच्या पानांवर तो हिरवा भाग खरवडून जाळी शिल्लक ठेवतो. अंगणात वांग्याचे झाड असेल तर दोन्ही भुंगेरे शेजारी ठेवून फरक शिकता येतो.

झेंडूबद्दलचे दोन गैरसमज

'झेंडू लावला की कीड पळते' असे सर्रास सांगितले जाते. वास्तव याहून वेगळे व अधिक उपयोगाचे आहे. घाटेअळीचा, म्हणजेच टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांकडे आकर्षित होतो व तेथे अंडी घालतो. झेंडू कीड पळवत नाही, तर आपल्याकडे ओढून घेतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याच गुणाचा उपयोग करून टोमॅटोच्या १६ ओळींनंतर झेंडूची १ ओळ ही सापळा पिकाची शिफारस विकसित केली. दोन्ही पिके एकाच वेळी फुलावर यावीत यासाठी झेंडूचे ४५ दिवसांचे रोप टोमॅटोच्या २५ दिवसांच्या रोपाबरोबर लावले जाते. दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी ओळखला जातो. तेथील शेतकऱ्यांना ही बाब थेट उपयोगाची आहे.

परंतु सापळा लावून तो तपासला नाही, तर तो किडीचे वाढीचे घर बनतो. झेंडूच्या कळीत शिरलेली अळी वेळीच वेचली नाही, तर तिची पुढची पिढी शेजारच्या टोमॅटोवर जाईल. अंगणातील १२ झेंडूंच्या कळ्या दर तीन-चार दिवसांनी तपासण्याची सवय ज्याला लागली, तोच शेतातील सापळा ओळ तपासेल.

दुसरा गैरसमज सूत्रकृमींविषयी आहे. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टरथिएनिल हे द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असते, हे खरे आहे. मात्र त्यासाठी संपूर्ण क्षेत्रावर दाट झेंडू दोन ते तीन महिने असावा लागतो. भाजीच्या वाफ्याच्या कडेला चार झाडे लावून सूत्रकृमी जात नाहीत. सूत्रकृमीग्रस्त वाफ्यात एक हंगाम पूर्ण झेंडू घेऊन पुढील हंगामात भाजी लावणे, हा त्याचा योग्य अर्थ आहे.

शेपू-कोथिंबिरीचे फूल का हवे?

आता टोकांना टाकलेल्या मूठभर बियांविषयी. सिरफिड माशी, क्रायसोपाच्या काही जाती आणि परोपजीवी गांधीलमाश्या प्रौढावस्थेत मकरंद व परागकणांवर जगतात. त्यांची मुखांगे आखूड असतात. झेंडूच्या गच्च दुहेरी फुलांतील मकरंदापर्यंत त्या पोहोचू शकत नाहीत; शिवाय दुहेरी फुलांत परागही कमी असतो. शेपू, कोथिंबीर, बडीशेप, ओवा, मोहरी व ॲलिसम यांची बारीक, उघडी फुले मात्र त्यांना सहज उपलब्ध असतात. म्हणून वाफ्यात शोभेच्या दुहेरी फुलांबरोबर एकेरी फुलांचे वाण व अशी उघडी फुले असावीत.

सातेरी व फुलोरी मधमाश्या, डंखरहित पोया आणि मोठा काळा भुंगाही अशा वाफ्यावर येतात. वांगी व टोमॅटोच्या फुलांतील पराग जोराच्या कंपनाने मोकळा होतो आणि हे काम भुंगा करतो. सुतारकाम करणाऱ्या या भुंग्याला घाबरून मारण्याचे कारण नाही. छेडल्याशिवाय तो सहसा त्रास देत नाही.

मधमाश्यांसाठी उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवता येते. ते पाणी रोज बदलावे. कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व अनुकूल तापमानात सात ते दहा दिवसांत त्याची पिढी तयार होते. आठवड्यातून एक दिवस सर्व बशा कोरड्या करून घासणे, हा बागकामाचाच भाग मानावा.

निरीक्षणाची पद्धत

आठवड्यातून दोनदा, सकाळी दव उतरल्यावर वाफ्यातील दहा रोपे तपासावीत. दर वेळी तीच रोपे घेऊ नयेत. प्रत्येक रोपाचा शेंडा, एक मधले व एक खालचे पान उलटून पाहावे. वहीत चार रकाने करावेत : तारीख व हवामान, दिसलेली कीड, दिसलेले मित्रकीटक, केलेली कृती. ओळख पटली नाही तर नाव न लिहिता रंग, आकार, पायांची संख्या व तो कीटक काय करीत होता, एवढेच लिहावे. कीटक काय करतो हे पाहणे त्याचे नाव शोधण्याइतकेच मोलाचे आहे.

कृषी परिसंस्था विश्लेषणात कीड व मित्रकीटक यांचे २:१ हे गुणोत्तर ढोबळ मार्गदर्शक म्हणून वापरले जाते. दोन किडींमागे एक मित्रकीटक दिसत असेल तर फवारणी न करता निरीक्षण चालू ठेवावे. मित्रकीटकाची खाण्याची क्षमता जातीनुसार बदलत असल्याने हा आकडा ताठर नियम समजू नये. एका पाहणीपेक्षा दोन पाहण्यांतील बदल अधिक सांगतो. मावा वाढला व मित्र तेवढेच राहिले, की मित्रही वाढले, हे वहीवरून कळते.

शेतपिकासाठी आर्थिक नुकसान पातळी ठरलेली असते. अंगणातील वाफ्याला अशी पातळी नाही. तेथे दोन फुले कमी आली तर उत्पन्न बुडत नाही. त्यामुळेच थांबून पाहण्याचे धाडस येथे परवडते आणि एकदा ते केले की शेतातही आत्मविश्वासाने करता येते.

उपाय करावाच लागला तर

उपायांची चढती पायरी पाळावी.

१. माव्याने भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. त्यावर ढालकिड्याच्या अळ्या असल्यास तो शेंडा राहू द्यावा.

२. सकाळी पिचकारीने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारावा. खाली पडलेला मावा बहुधा परत चढू शकत नाही. मार्चमध्ये कोरडी हवा सुरू होताच झेंडूवर येणाऱ्या लाल कोळी किडीसही पाण्याचा हा मारा आवर घालतो.

३. मुंग्यांची वाट तोडावी. गोड चिकट स्रावासाठी मुंग्या माव्याचे रक्षण करतात व मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्या थांबल्या की ढालकिड्यांचे काम सोपे होते.

४. तरीही कीड वाढत असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळी पावडर अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी, पाणी घालून एक लिटर करावे व त्यात २ ग्रॅम साबणचुरा विरघळवावा. सहा चौरस मीटरला एवढे द्रावण पुरते. उन्हात अर्काची शक्ती कमी होते व दिवसा मधमाश्या फुलांवर असतात, म्हणून फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी.

पिवळे चिकट सापळे सहा चौरस मीटरला एकापेक्षा अधिक लावू नयेत. त्यावर सिरफिड माश्या व परोपजीवीही अडकतात. सापळ्यावर कोण अडकले, हे वहीत नोंदवावे. मित्र अधिक दिसल्यास सापळा काढून घ्यावा.

रासायनिक कीटकनाशकाची गरज अशा वाफ्यात क्वचितच पडते. त्याच अंगणात तुळस, कढीपत्ता व पुदिना असतो, मुले खेळतात आणि फवाऱ्याचे तुषार खिडकीतून घरात येतात. पूजेची फुलेही येथूनच तोडली जातात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून मकरंद व परागापर्यंत पोहोचतात. मधमाश्यांना असलेला धोका लक्षात घेऊन युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर निर्बंध आणले. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार प्रत्येक डब्यावर लेबल व विषारीपणा दर्शवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, नंतर निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. शेतातून उरलेले औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून घरी आणण्याची प्रथा जीवघेणी आहे. त्या बाटलीवर त्रिकोण नसतो, नाव नसते आणि ती बाटली मुलांच्या ओळखीची असते. विस्तार कार्यकर्त्यांनी हा एक मुद्दा प्रत्येक भेटीत सांगावा.

वर्षाचे नियोजन

मे : वाफा ओलावून पारदर्शक कागद अंथरणे.

जून-जुलै : पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब, बाभूळ व बोरीवर येणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून गोळा करणे. वाफ्यात तेरडा, पिवळा कॉसमॉस व कोंबडा लावणे.

सप्टेंबर : हिवाळी फुलांची रोपे तयार करणे. रोपवाटिकेत पाणी बेताने देणे, अन्यथा रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : लागवड, टोकांना शेपू, कोथिंबीर, बडीशेप पेरणे.

डिसेंबर-फेब्रुवारी : आठवड्यातून दोनदा निरीक्षण, झेंडूच्या कळ्यांतील अळ्या वेचणे.

मार्च : पक्व फुलांचे बी धरणे, लाल कोळी किडीवर लक्ष ठेवणे. एप्रिलपासून सदाफुली व ऑफिस टाइमसारखी उन्हाळा सोसणारी झाडे ठेवणे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील शेतीशाळेसाठी स्वतंत्र प्रक्षेत्र मिळतेच असे नाही. परंतु शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडी किंवा प्रगतिशील शेतकऱ्याचे घर यांपुढे सहा चौरस मीटर जागा बहुतेक ठिकाणी मिळू शकते. अशा वाफ्यात डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तीन बैठका घ्याव्यात. पहिल्या बैठकीत केवळ मोजणी करावी, दुसरीत त्याच शेंड्यावर काय बदलले ते पाहावे आणि तिसरीत वहीवरून निर्णय घ्यावा. ढालकिड्याची अळी काचेच्या बरणीत मावा असलेल्या फांदीसह ठेवून, तोंडाला पातळ कापड बांधून, तिला मावा खाताना दाखवावे. हे दृश्य पाहिलेला शेतकरी ती अळी पुन्हा चिरडणार नाही. भाषणापेक्षा या बरणीचा परिणाम अधिक टिकतो.

सल्ला मागणाऱ्याचा प्रश्न "काय मारू?" असाच येणार. त्यावर औषधाचे नाव सांगणे सोपे असते व विचारणाराही समाधानाने जातो. तथापि त्या क्षणी "पानाच्या मागे काय दिसले?" असा प्रतिप्रश्न करणे हे विस्तार कार्यकर्त्याचे खरे काम आहे. विचारणाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर त्याच्याबरोबर वाफ्यापर्यंत जाऊन एक पान उलटून दाखवावे. अंगणातील शेवंतीवर हे जमले, तर टोमॅटोच्या आणि भाताच्या शेतातही जमेल.